वाटजाईचा कौल

कल्याणहून निघालेली सडक सिंधी लोकांच्या छावण्यांना वळसा घालून अंबरनाथला येते. तिथून रुळांची सोबत धरून बदलापूर गाठते, बेलवलीच्या अंगाने उल्हास नदी ओलांडते आणि मग कितीतरी वेळ नाकासमोर डोंगराकडे चालत राहते. आता ही चढणार, आता खिंडीत शिरणार, असं नवख्या माणसाला वाटत असतानाच ती एकाएकी अंग चोरते आणि बारवीच्या खोऱ्याकडे वळून जाते. त्या वळणावर मोटारीतली पेंगलेली माणसं एकमेकांच्या खांद्यावर कलतात, डोळे उघडून समोरचा निळा डोंगर पाहतात आणि पुन्हा मिटून घेतात. रस्ता इथवर येऊन का फिरला, हे कुणी कुणाला विचारत नाही.

वृंदाला तो डोंगर रस्त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होता. अंबरनाथच्या पश्चिमेला, स्टेशनाजवळच्या चाळीत तिचं बिऱ्हाड होतं. रोज पहाटे न्हाऊन, ओल्या केसांची गाठ मारून ती मागच्या ओट्यावर तांब्या घेऊन उभी राही. सूर्य त्या डोंगरामागून वर येई आणि ती त्याला अर्घ्य देई. हातातल्या पाण्याची धार आणि दूरची ती निळी कड यांच्यामध्ये तिचं सगळं मन गोळा होई, कारण त्या कडेच्या पलीकडच्या उतारावर आंबेटाके नावाचं गाव होतं, आणि तिथे तिचे अण्णा एकटे राहत होते. सूर्य रोज आधी त्यांच्या अंगणातून जाऊन मग आपल्याकडे येतो, असं तिला वाटे. म्हणून नमस्कार करताना ती हळूच विचारी, "बरे आहेत ना?"

डोंगर मध्ये होता म्हणून माहेर लांब होतं. आगगाडीने कल्याण, तिथून मोटारीने मुरबाड, पुढे बैलगाडी. ती वाट पावसाळ्यात ओढ्यांनी बंद. सिंधी मंडळी छावणीत राहायला आली त्याच्या पुढच्या वर्षी, श्रावणात, आईचं दुखणं वाढल्याची तार आली होती. वृंदा निघाली, ओढ्याकाठी अडकली, पोचली तेव्हा आईला नेऊन अंगणातल्या राखेला पाणी देऊन झालं होतं. परत येताना तिने मनाशी धरलं, डोंगर ओलांडून सरळ अण्णांच्या दारात जाईन तेव्हाच गूळ तोंडात घालीन.

कुणाला सांगितलं नाही. पण गूळ सुटला की घराला कळतंच. संक्रांतीला शेजारची सुहासिनी म्हणे, "आम्हाला तीळगूळ देऊन गोड बोलायला लावतेस, आणि स्वतः नुसते तीळ चावत बसतेस! वृंदाताई, तू बोलणार तरी कशी गोड?" वृंदा हसे. तिच्या नेमांची सगळ्यांना सवय होती. सोमवारी रूळ ओलांडून जुन्या शिवमंदिरात पाणी घालायचं, चातुर्मासात देवापुढे रांगोळीने गोपद्मं, गाईची पावलं, काढायची, भाजी चिरण्याआधी कुळाचा देव आठवायचा. गोपद्मं काढताना तिची बोटं चालत आणि डोळे मिटायला लागत. मग अधूनमधून तिला एकच स्वप्न पडे. रांगोळीची पांढरी पावलं उंबऱ्यावरून उतरतात, रूळ ओलांडतात, भातखाचरांच्या बांधावरून जातात, डोंगर चढतात. ती मागोमाग जाते. खिंडीपाशी पावलं संपतात आणि तिला जाग येते.

अशात एके दिवशी तिचे यजमान श्यामकांत घरी आले ते हसतच. ते बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. चपला काढता काढता म्हणाले, "अगं, ऐकलंस का? तुझ्या डोंगरावर सरकारची मर्जी बसली. राज्याचा रस्ता व्हायचाय, बदलापुरापासून मुरबाडच्या अंगाला. आखणी माझ्याकडे."

वृंदाच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. "खिंडीतून?"

"दोन आखण्या आहेत. एक खिंड फोडून थेट पलीकडे, म्हणजे आंबेटाक्याच्या वेशीवरून. दुसरी खालून, बारवीच्या काठाने, लांबची. साहेबांनी दोन्ही मान्य करून ठेवल्यात. म्हणाले, जिथे कामाला माणसं मिळतील तिथून काढा. आता माणसं म्हणजे वरच्या वाडीतली ठाकरं. ती आली की झालंच." मग जरा थांबून, तिच्याकडे न बघता म्हणाले, "पुढच्या दिवाळीला मोटार थेट अण्णांच्या दारात. तू आपल्या लेकीला, मीनलला घेऊन खिडकीशी बस, मी मागच्या बाकावर तुझ्या फराळाचे डबे सांभाळतो."

त्या दिवसापासून अर्घ्य देताना वृंदाचे डोळे खिंडीवर खिळू लागले. चातुर्मासभर तिला स्वप्नात मोटार दिसे. आंबेटाक्याच्या पिंपळाखाली ती उभी राही, धूळ खाली बसे, आणि धुळीतून अण्णा काठी टेकत पुढे येत.

पाऊस सरला, भातं पिवळी झाली आणि श्यामकांत मुकादमाशी बोलणी करायला वरच्या वाडीत गेले. परत आले ते उशिरा. जेवताना म्हणाले, "अडलं."

खिंडीत वाटजाई होती. मूर्ती नव्हे, कमरेएवढा उभा पाषाण, खांद्यांसारखे दोन उंचवटे असलेला, आणि पायाशी डहाळ्यांची रास. डोंगर ओलांडणारा प्रत्येकजण तिथे हिरवी डहाळी ठेवून पुढे जाई. खिंड फोडायची तर देवीला उठवायला हवं होतं. वाडीतला मुकादम वाळू म्हणाला होता, "साहेब, सुरुंग लावू, घणपण मारू. पण आधी तिला विचारू. ती हो म्हनली तर आमी आमच्या हातानं उचलून बाजूला बसवू. नाय म्हनली तर आमच्यातला एक मानूस कामाला यायचा नाय."

"म्हणजे कौल लावायचा?" वृंदाने विचारलं.

"हो. दोन कळ्या. देवीच्या उजव्या खांद्यावरची आधी पडली तर होकार, डाव्या खांद्यावरची पडली तर नकार. आणि तो लावायचा कुणी, ते ऐक." श्यामकांतांनी पाण्याचा घोट घेतला. "बाईनेच. तीही डोंगराच्या एका अंगाला जन्मलेली आणि दुसऱ्या अंगाला दिलेली. वाटजाईला म्हणे दोन्हीकडची लेक लागते. वाडीत अशी एकच, वाळूची आई ठमाबाई. तिचे हात कापतात आणि डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेत. मी म्हटलं, माझ्या घरात आहे एक."

 वृंदाने ताट बाजूला सारलं आणि ती देवघरात जाऊन समई न लावताच बराच वेळ बसून राहिली.

कार्तिकातला दिवस ठरला. मीनलला सुहासिनीकडे ठेवून, निरंकार उपास धरून वृंदा पहाटेच निघाली. पायथ्यापर्यंत जयदेवच्या लॉरीतून जायचं होतं. जयदेव हा छावणीतला सिंधी ठेकेदार, पंचविशी-तिशीतला, खडी आणि चुना पोचवणारा. तो स्वतःच चाक धरून बसला होता आणि बोलायचा थांबत नव्हता.

"भाभी, देवीला सांगा, सिमिटचं पक्कं मंदिर बांधून देतो. वर लाल झेंडा. फर्स्ट क्लास."

"तिला छप्पर चालत नाही म्हणे, भाऊ," वृंदा म्हणाली.

"मग बिना छप्परचं. खर्चा पण कमी." तो हसला. लॉरी खडखडत शेताडीतून चालली होती. मग आवाज खाली आणून म्हणाला, "एक बात बोलू? उजवी कळी थोडी सुकी ठेवा. डाव्या कळीला पाणी जास्ती. कोण बघतो? देवी पण समजून घेईल, कामाची गोष्ट आहे."

श्यामकांतांनी खोकल्यासारखं केलं. "जयदेव, समोर बघून चालवा." पण ते रागावले नाहीत, आणि त्यांनी त्याला चुकीचं आहे असंही म्हटलं नाही. वृंदाच्या ते लक्षात आलं.

थोड्या वेळाने जयदेवच पुन्हा बोलला, पण आता हसत नव्हता. "मी वाईट नाही बोललो, भाभी. माझ्या गावाला रस्ता आहे. पक्का. दोन्ही बाजूला झाडं. तो रस्ता सीधा माझ्या बापाच्या दुकानासमोर जातो. रस्ता आहे, पण मला जाता येत नाही. तुमच्या गावाला फक्त रस्ता नाही. एवढं तर आपण बनवू शकतो ना?"

 लॉरीच्या काचेवर दहिवराचे थेंब एकमेकांत मिसळून खाली ओघळत होते.

वाट वाडीतून वर चढत होती. वाळूची बायको नवसी पुढे, डोक्यावर पाण्याची कळशी. तिच्या मागे वृंदा, अनवाणी. जोडवी दगडांवर किणकिणत होती. धुकं इतकं दाट होतं की झाडं आधी आवाजासारखी जाणवत, मग दिसत. कारवीच्या जंगलातून जाताना वृंदाला वाटलं, आपण चालत नाही आहोत, डोंगरच आपल्या पायांखालून हळूहळू सरकतो आहे. हे सगळं तिने स्वप्नात पाहिलं होतं. फक्त पायाखाली रांगोळी नव्हती.

खिंडीत ठमाबाई आधीच येऊन बसली होती. पाठीला काठी, मांडीवर कोरांटीच्या कळ्यांची ओंजळ. तिने वृंदाच्या चेहऱ्यावरून हात फिरवला, कपाळापासून हनुवटीपर्यंत.

"कुणाची गो तू?"

"आंबेटाक्याच्या चिंतामणी जोश्यांची."

"मास्तराची! त्याच्या लग्नाचा बाजार माझ्या बापानं याच खिंडीतून डोक्यावरून नेला." ती बोळक्याने हसली. "बस. भिऊ नको. कळी लाव, काय ते विचार, आनि मग हालू नको. जी लावते तिनं उठायचं नाय, कळी पडेस्तोवर."

वाळू आणि वाडीतली माणसं हात जोडून उभी राहिली. श्यामकांत टोपी काढून जरा मागे. वृंदाने पाषाणाला पाणी घातलं, हळदकुंकू वाहिलं. मग दोन कळ्या उचलल्या. एकसारख्या टपोऱ्या. कळशीत बोटं बुडवून तिने पहिली कळी उजव्या खांद्यावर दाबली. दुसरी बुडवताना जयदेवचं बोलणं तिच्या कानात आलं आणि बोटं पाण्यात जरा जास्त राहिली. तिने कळी परत ठेवली, पदराने हात पुसले, दोन्ही कळ्या नव्याने घेतल्या आणि दोन्ही हातांनी एकदम बुडवून, एकदम लावल्या.

"आई," ती हळू म्हणाली, "तुला बाजूला बसवून इथून रस्ता नेऊ का?"

मग सगळे वाट बघत राहिले. धुक्यामुळे पाषाण ओलाच होता, त्यामुळे कळ्या हलेनात. ऊन वर आलं असावं, पण ते नुसतं उजेड होऊन पसरलं होतं, ऊब नव्हती. कुणी खाकरलं, कुणी बसलं. शेवटी वाळू म्हणाला, "हिचा ईचार लांबलाय. चला, भाकऱ्या खाऊन घेऊ." माणसं खालच्या सपाटीवर गेली, तिथे शेकोटीचा धूर धुक्यात मिसळला. श्यामकांत आणि जयदेव चुन्याच्या खुणा बघायला उतरले. नवसी लाकडं गोळा करायला गेली. खिंडीत ठमाबाई, वृंदा आणि वाटजाई, अशा तिघीच राहिल्या.

वृंदाच्या डोळ्यांसमोर कळ्या मोठ्या होत गेल्या. पिवळ्या दिव्यांसारख्या. पोटात अन्न नव्हतं आणि डोकं हलकं झालं होतं. तिला पिंपळाखाली मोटार दिसली. मीनल पायरीवरून उडी मारताना दिसली. आई दिसली, ओटीवर सूप घेऊन बसलेली, आणि म्हणाली, एवढा उशीर का गं?

तेवढ्यात तिच्या मांडीवरच्या उघड्या तळव्यात काहीतरी गार येऊन पडलं.

तिने खाली पाहिलं. कळी. मग वर पाहिलं. उजव्या खांद्यावरची कळी होती तिथेच होती. डावा खांदा मोकळा होता, तिथे फक्त पाण्याचा डाग.

ठमाबाई मिटल्या डोळ्यांनी काठीवर हनुवटी टेकून बसली होती. खालून हसण्याचे आवाज येत होते. कुणीही पाहिलं नव्हतं. कळी ओली होती, डाग ओला होता. हात वर करायचा आणि जिथली तिथे ठेवायची. तिचा हात वर गेलाही. पाषाणाच्या अगदी जवळ गेला, इतका की दगडाचा गारवा बोटांना लागला. पुढच्या श्रावणात अण्णांना काही झालं तर? पुन्हा तो ओढा, पुन्हा ती काठावरची रात्र? देवीचं काय अडणार होतं चार हात सरकून बसायला?

धुकं जरा विरलं आणि पाषाणामागून सूर्य दिसला, पांढरा, चांदीच्या ताटलीसारखा. रोज ज्याला ती ओट्यावरून पाणी देत असे तो. आज तो किती जवळ होता. उद्या सकाळी तांब्या घेऊन उभी राहीन, वृंदाच्या मनात आलं, तेव्हा मी बघू कुणाकडे?

तिने हात खाली घेतला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तिने ते पुसलं नाही.

"आजी," ती म्हणाली. "ठमाआजी, डावी पडली."

ठमाबाईने मान हलवली आणि मोठ्याने हाक घातली, "वाळू! आरं ये वर! नाय म्हनली!"

माणसं धावत आली. वृंदाने तळवा पुढे केला. वाळूने कळी पाहिली आणि पाषाणाला हात लावून कपाळाला लावला. श्यामकांतांनी टोपी हातात फिरवली. "ठीक आहे," ते म्हणाले. "खालून काढू. बारवीवरून." मग वृंदाजवळ येऊन हलकेच म्हणाले, "तुझ्याकरता म्हणत होतो गं. नाहीतर मला काय, हा रस्ता काय आणि तो रस्ता काय."

"ठाऊक आहे मला."

जयदेव कळीकडे बघत होता. "कोणी नव्हतं इथे," तो म्हणाला. "तुम्ही बोलला नसता तर..." पुढचं त्याने बोलायचं सोडून दिलं आणि पाषाणाला हात जोडले. मग दोन पावलं मागे येऊन तसेच वृंदाला जोडले. तिला संकोच वाटला.

"आता रडते कशापायी?" ठमाबाईने विचारलं. तिला दिसत नव्हतं, पण नाक ओढल्याचा आवाज ऐकला असावा.

"माझं माहेर राहिलं, आजी. रस्ता झाला असता तर गेले असते."

"कुठं राह्यलं?"

"ते काय, पलीकडे. आंबेटाक्याला."

ठमाबाईने काठी उचलून खिंडीच्या पलीकडे रोखली. "मग जा की. तिनं मोटारीला नाय म्हटलंय. तुला कुठं नाय म्हटलं?"

वृंदा बघत राहिली. धुकं खाली दरीत उतरलं होतं. काठीच्या टोकापुढे कारवीतून पायवाट खाली जात होती, आणि खूप खाली, खाचरांच्या कडेला, पिंपळाचा गोल शेंडा आणि कौलांची लाल रांग दिसत होती. रोज ती हा डोंगर पाहून रडली होती आणि रोज तो तसाच पलीकडे उतरत होता. अंबरनाथच्या ओट्यावरून तो भिंतीसारखा दिसे. भिंतीत दार असतं, हे तिच्या कधी मनातच आलं नव्हतं. सायबाच्या घरातली बाई माहेरी जाते ती गाडीने, एवढंच तिने गृहीत धरलं होतं.

"चालत?" श्यामकांत म्हणाले. "अगं, तुला झेपेल का? उपाशी आहेस."

नवसी लाकडांची मोळी टाकत खळखळून हसली. "आन् आतापत्तूर काय पालखीत आली व्हय? साहेब, चढ सरला. आता उतारच हाय. मी जाते तिच्यासंगं, दिवस मावळायच्या आत पोचू. उद्या तुमची बायको तुमाला आनून देते, काळजी नको!"

सगळे हसले. श्यामकांतही हसले. "मीनलला काय सांगू?"

"सांगा, आई आजोबांकडे गेली. सरळ गेली." हे बोलताना वृंदाला स्वतःचाच आवाज ओळखू आला नाही.

तिने बाजूच्या झाडाची एक डहाळी मोडली आणि वाटजाईच्या पायाशी राशीवर ठेवली. हातातली कळी पदराच्या टोकाला बांधली. उजव्या खांद्यावरची अजून तशीच होती.

मग ती उतरू लागली. नवसी पुढे गुणगुणत होती. वाट ऊन-सावलीतून जात होती आणि पायांना दगड लागत होते, तरी वृंदाला त्यांचं काही वाटत नव्हतं. एका ठिकाणी ओल्या मातीत गुरांचे खूर उमटले होते. ती थांबली, क्षणभर वाकून पाहिलं आणि त्यांच्यावर पाय न देता कडेकडेने पुढे गेली.

उन्हं पिवळी झाली तेव्हा त्या दोघी अंगणात पोचल्या. अण्णा ओटीवर पंचा पांघरून बसले होते. केस पिंजलेले, चष्म्याला दोरा. त्यांनी डोळे बारीक केले.

"कोण आहे?"

"मी. वृंदा."

"वृंदा? आज? आणि मागच्या वाटेने? गाडी कुठली होती आज?"

"गाडीने नाही, अण्णा. डोंगरावरून आले. चालत."

 अण्णांनी डोंगराकडे पाहिलं, मग तिच्या धुळीने माखलेल्या पायांकडे पाहिलं, आणि काठी न घेताच उठले. आतून भांड्यांचा आवाज आला, काहीतरी पडल्याचाही आला. बाहेर आले तेव्हा त्यांच्या एका हातात पाण्याचा तांब्या होता आणि दुसऱ्या हातात वाटी. वाटीत गुळाचे दोन खडे.

"आधी हे घे," ते म्हणाले. "उन्हातून आलीस."

नवसीने आपला खडा केव्हाच तोंडात टाकला होता. वृंदाने वाटी दोन्ही हातांत धरली. आईची शेवटची आठवण याच ओटीवरची होती. तिने डोळे मिटले, खड्याचा तुकडा जिभेवर ठेवला आणि तो विरघळेपर्यंत तशीच बसून राहिली. इतक्या वर्षांत गूळ किती गोड असतो ते ती विसरून गेली होती.

डोळे उघडले तेव्हा सूर्य डोंगराच्या कडेला टेकत होता. इथून तो पलीकडे जात होता, अंबरनाथच्या बाजूला, चाळीच्या मागच्या ओट्याकडे. तिथे मीनल असेल, सुहासिनी दिवा लावत असेल. आज डोंगरापलीकडे वृंदाचं घर होतं.

"परत कधी जायचंस?" अण्णांनी भीतभीत विचारलं.

"उद्या. पण येईन पुन्हा. पाऊस नसेल तेव्हा कधीही येईन."

अण्णांनी मान डोलावली. बराच वेळ ते त्या मावळत्या कडेकडे बघत होते. मग दाराआड उभ्या केलेल्या काठीकडे बोट दाखवून म्हणाले, "ती जरा पुसून ठेव. उद्या खिंडीपर्यंत येतो मी तुला पोचवायला. बसत बसत जाऊ."